सिममध्ये एडीएफ, लोरान-सी आणि ओमेगा खऱ्यासारखे कसे चालवायचे?

वाऱ्याचीदिशा

नमस्कार मंडळी. एक्स-प्लेन १२ या उड्डाणाच्या सिम्युलेटरमध्ये (सिममध्ये) एव्हरो ७४८ विमानाचे जुने कॉकपिट लुआ स्क्रिप्टने उभे करायचे चालले आहे. दिवे, स्विच, आवाज जमले. अडलेय ते रेडिओ नॅव्हिगेशनवर. एडीएफ म्हणजे जमिनीवरच्या रेडिओ प्रक्षेपकाची, बीकनची, दिशा दाखवणारे उपकरण. सिममधली त्याची सुई रात्र असो, वादळ असो, ३० अंशांचे वळण असो, बीकनकडे काट्यावर बोट ठेवल्यासारखी दाखवत राहते. सुईत थोडा रँडम आकडा मिसळला, तर ती नुसती थरथरते, खरी वाटत नाही.

तीन प्रश्न. एडीएफच्या चुका कोणत्या आणि किती घ्याव्यात? मुंबईच्या लोरान-सी साखळीचा (केंद्रांच्या पल्सच्या वेळांवरून जागा काढण्याची पद्धत) डबा, म्हणजे रिसीव्हर, बसवता येईल का? आणि पुढे बोइंग ७०७ हाती घेतले तर ओमेगा (जगभरच्या केंद्रांच्या सिग्नलच्या फेजवरून जागा काढण्याची पद्धत) कितपत खोलात जाऊन करावे? सुटे धागे वाचून झालेत, पण आकड्यांसह कुठे सापडत नाही.

सुकाणू

आकड्यांआधी रचना. बहुतेक ॲड-ऑन इथेच चुकतात. सिमकडे विमानाचे अचूक अक्षांश-रेखांश असतात. गेज लिहिणारा ते घेतो, बीकनकडची दिशा काढतो आणि शेवटी वर चिमूटभर चूक भुरभुरतो. ही चूक कुठूनच आलेली नसते, म्हणून ती खोटी दिसते.

कोडचे चार तुकडे करा: प्रक्षेपक, वाट, रिसीव्हर, सुई. विमानाची खरी जागा फक्त ‘वाट’ या तुकड्याला कळू द्या. रिसीव्हरला मिळावा तो सिग्नल, म्हणजे ताकद, दिशा, फेज किंवा वेळ, आणि सोबतचा गोंगाट. रिसीव्हरच्या कोडमध्ये अक्षांश हे नाव जरी आढळले तरी समजा की कुठेतरी गळती आहे.

आता एडीएफ. लूप अँटेनाचा पॅटर्न इंग्रजी आठच्या आकड्यासारखा, त्याला दोन नल, म्हणजे सिग्नल नाहीसा होणाऱ्या दिशा. त्यामुळे १८० अंशांचा संभ्रम राहतो, तो सेन्स अँटेना सोडवतो. इथूनच दोन गोष्टी फुकट मिळतात. सेन्स अँटेनाचा बिघाड लावला की सुई कधी बीकनकडे तर कधी बरोबर उलट दाखवेल. आणि अँट (फक्त सेन्स अँटेनाच्या) मोडमध्ये लूप बाजूला पडतो, आयडेंट, म्हणजे बीकनचा ओळख-संकेत, स्वच्छ ऐकू येतो, पण सुई दिशा दाखवत नाही. बऱ्याच सेटमध्ये ती ९० वर जाऊन थांबते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जुन्या एडीएफला सिग्नल गेल्याचा इशारा देणारा फ्लॅग नसतो. बीकन बंद पडला तर एडीएफ मोडमध्ये सुई आहे तिथेच राहते किंवा गोंगाटावर हळूहळू भरकटते. सिममध्ये मात्र रेंज संपताच ती टुणकन ९० वर उडी मारते आणि वैमानिकाला आयती सूचना मिळते. ती उडी काढून टाका. मग आयडेंट सतत कानात ठेवण्याची सक्ती आपोआप येते, आणि जुन्या पद्धतीचे उड्डाण म्हणजे तेच.

क्वाड्रंटल चूक: विमानाचे धातूचे धड लहर पुन्हा प्रक्षेपित करते आणि सुईला नाक-शेपटीच्या रेषेकडे ओढते. रिलेटिव्ह बेअरिंगमधून (विमानाच्या नाकापासून मोजलेल्या बीकनच्या दिशेतून) ‘के गुणिले साइन दुप्पट बेअरिंग’ वजा करा. ०, ९०, १८०, २७० वर शून्य. ४५, १३५, २२५, ३१५ वर कमाल. दुरुस्ती केलेल्या सेटसाठी ‘के’ २ ते ३ अंश ठेवा. वळणात सुई खाली गेलेल्या पंखाकडे झुकते. २५ अंशांच्या बँकला ५ अंशांपासून सुरुवात करा आणि पंख समतल झाले की सुईच्या नेहमीच्या लॅगनेच (मागे रेंगाळण्यानेच) ती चूक विरू द्या.

मध्यमलहरी

सुकाणूंशी सहमत. वाटेबद्दल मी लिहितो, कारण मुंबईत वाट फार बोलकी आहे.

किनारा. समुद्राची विद्युतवाहकता ४ ते ५ सीमेन्स प्रति मीटर, जमिनीची तिच्या शेकडो पट कमी. लहर जमिनीवरून पाण्यावर येताना किनाऱ्याच्या बाजूला वाकते, म्हणून समुद्रावरच्या विमानाला आपण किनाऱ्याच्या जास्त जवळ आहोत असे वाटते. चूक किती, हे लहर किनारा कोणत्या कोनात ओलांडते यावर ठरते. सांताक्रूझला बीकन आहे असे धरा. अरबी समुद्रावरून थेट पश्चिमेकडून येणाऱ्याची रेषा जुहूचा किनारा जवळपास काटकोनात कापते, चूक नगण्य. तेच विमान रत्नागिरीकडून किनाऱ्याला समांतर, थोडे समुद्रात राहून वर येत असेल, तर ओलांडण्याचा कोन ३० अंशांच्या आत जातो आणि चूक जाणवू लागते. काटकोनाला शून्य, ३० अंशांना २, त्याखाली वाढत ५ अंशांपर्यंत असा तक्ता पुरतो. उंची वाढेल तशी चूक कमी करा.

यासाठी पूर्ण किनारपट्टी लागत नाही. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत २५-३० बिंदूंची तुटक रेषा आणि छेदबिंदूचे साधे गणित पुरे. दर फ्रेमला नव्हे, २ सेकंदांतून एकदा करा.

रात्र. दिवसा आयनोस्फिअरचा डी थर मध्यम लहरी शोषून घेतो. रात्री तो विरतो, मग वरून परतलेली लहर जमिनीलगतच्या लहरीत मिसळते आणि लूपचा नल पुसट होतो. ३० नॉटिकल मैलांच्या आत काही करू नका. ६०-७० च्या पुढे सुई १० ते १५ अंश मागेपुढे झुलू द्या, पण सावकाश, एक हेलकावा १० ते ३० सेकंदांचा. सूर्योदय-सूर्यास्ताच्या आसपास सर्वांत वाईट. त्याच वेळी आयडेंटचा आवाजही चढउतार व्हायला हवा. सुई झुलते आणि आवाज स्थिर, हे होऊच शकत नाही.

वीज. इथे बरेच जण पाऊस आणि गोंगाट एकमेकांना बांधतात. मुंबईसाठी ते चूक आहे. जुलैच्या संततधारेत कडकडाट कमी असतो. विजा जास्त त्या मॉन्सूनच्या तोंडावर आणि परतीच्या पावसात. म्हणून सुई ढगाकडे खेचली जाण्याचे प्रमाण सिमच्या पर्जन्यमानावर न ठेवता उभ्या वाढलेल्या मेघांवर, म्हणजे थंडरस्टॉर्मच्या मूल्यावर ठेवा. प्रत्येक विजेला सुई क्षणभर तिकडे झेपावते आणि परत येते. पावसाचे थेंब विमानावर आपटून होणारा स्थिर विजेचा खरखराट वेगळा, तो आवाजात घाला. सुईला त्याची दिशा नसते, ती फक्त सुस्त आणि अनिश्चित होते.

एक जोड सुचवतो. एडीएफचा पल्ला साधारण १९० ते १७५० किलोहर्ट्झ, म्हणजे मध्यम लहरींचे प्रसारण त्यात येते. आकाशवाणी मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८ वर. कस्टम डेटा फोल्डरमधल्या युजर नॅव्ह फाइलमध्ये एनडीबीची (एडीएफच्या बीकनची) ओळ, म्हणजे कोड २ ची, वाढवून मालाडचे अक्षांश-रेखांश, ५५८ वारंवारिता आणि हवी ती रेंज द्या. मोर्स आयडेंट बंद करा आणि तिथे बोलण्याची ऑडिओ लूप लावा. पॅनेलचा ट्यूनिंग पल्ला ५५८ पर्यंत जातो का तेवढे आधी पाहा. प्रसारण केंद्रावरून ॲप्रोच करायचा नसतो, कारण ओळख सतत मिळत नाही. पण शहराची ढोबळ दिशा शोधायला ते कामाचे.

वाऱ्याचीदिशा

मनापासून आभार. ९० वरची उडी काढल्यावर फरक लगेच जाणवला. पण थरथर गेली नाही. ६० फ्रेमला सुई शहारल्यासारखी दिसते आणि २५ फ्रेमला तीच जास्त उड्या मारते. शिवाय बीकन नाकासमोर असताना सुई मधूनच पूर्ण गिरकी घेते.

वजाबाकी

गिरकीचे कारण ३५९ आणि १ ची सरासरी. लॅग लावताना ‘लक्ष्य वजा सध्याचे’ हा फरक आधी उणे १८० ते अधिक १८० मध्ये आणा, मगच गुणा. चुका जोडून झाल्यावरसुद्धा एकदा हेच करा.

थरथरीचे कारण असे की दर फ्रेमला नवा, मागच्याशी संबंध नसलेला रँडम आकडा घेतला जातोय. निसर्गातला गोंगाट असा नसतो, त्याला स्मृती असते. मागचा गोंगाट जपून ठेवा आणि प्रत्येक फ्रेमला ‘ई चा उणे डीटी भागिले टाऊ घात’ या गुणकाने तो थोडा विरवा. मग त्यात नवा गॉसियन आकडा मिसळा, त्याचा गुणक: सिग्मा गुणिले ‘१ वजा त्या पहिल्या गुणकाचा वर्ग’ याचे वर्गमूळ. डीटी म्हणजे त्या फ्रेमचा वेळ, टाऊ म्हणजे स्मृतीचा काळ, सिग्मा म्हणजे गोंगाटाची तीव्रता. असे केले की २५ फ्रेम असोत की ६०, हेलकावा सारखाच राहतो. रात्रीच्या झुल्याला टाऊ ८ सेकंद, नेहमीच्या अस्थिरतेला १.५.

सुईचा स्वतःचा लॅग वेगळा, साधारण १ ते १.५ सेकंद. तो सगळ्यात शेवटी. सिग्नल गोंगाटापेक्षा ६ डेसिबलने वर असेपर्यंत सामान्य वागणूक; त्याखाली लॅग वाढवत ४-५ सेकंद; शून्य डेसिबलला सुई जागीच. हे सुरुवातीचे आकडे आहेत, कानाने आणि डोळ्याने जुळवा.

अलिबागवेध

कोणी लिहिले नाही म्हणून सांगतो. मुंबईत केलेल्या चाचणीवर विसंबू नका. इथे चुंबकीय उत्तर आणि खरे उत्तर यांतला फरक एका अंशाच्याही आत आहे. कोडमध्ये खरे बेअरिंग घेऊन त्यातून चुंबकीय हेडिंग वजा केले, तर चूक मुंबईवर दिसतच नाही आणि कोड बरोबर आहे असे वाटत राहते. तेच विमान केपटाउनला नेऊन ठेवा, तिथे फरक पश्चिमेला २५ अंशांच्या आसपास आहे. सुई तेवढीच तिरकी उभी राहिली तर चूक तुमची. एडीएफ रिलेटिव्ह दिशा देतो, म्हणून खऱ्यातून खरे वजा करा. आरएमआयवर (एडीएफची सुई आणि होकायंत्राची चकती एकत्र असलेल्या गेजवर) चकती फिरते ती चुंबकीय होकायंत्राने, आणि ते शेवटी.

याच फरकाचे मोजमाप कुलाबा वेधशाळेत चाले. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर चुंबकीय निरीक्षणे १९०४ मध्ये अलिबागला हलवली, कारण ट्रामच्या प्रवाहाने उपकरणे बिघडली असती. विद्युतप्रवाहाने होकायंत्र बिघडते ही गोष्ट कॉकपिटलाही लागू आहे: विंडशील्ड हीट चालू केल्यावर राखीव होकायंत्र काही अंश सरकवायला विसरू नका.

त्रिकोणमिती

लोरान-सीचे मी घेतो. मुंबई साखळीचा जीआरआय ६०४२, म्हणजे दर ६०,४२० मायक्रोसेकंदांनी गट परत येतो. मुख्य केंद्र ध्रांगध्रा, दुय्यम वेरावळ आणि बिलिमोरा. वारंवारिता १०० किलोहर्ट्झ. प्रत्येक केंद्र १ मिलिसेकंदाच्या अंतराने ८ पल्स सोडते, मुख्य केंद्राची नववी पल्स २ मिलिसेकंदांनी.

रिसीव्हर दोन वेळांतला फरक मोजतो: दुय्यमची पोच वजा मुख्यची पोच. प्रत्येक फरकाची एक हायपरबोला, दोन हायपरबोला छेदल्या की जागा. केंद्रांना जोडणाऱ्या रेषेवर १ मायक्रोसेकंद म्हणजे १५० मीटर. बाजूला सरकलात की हा आकडा फुगतो. सूत्र: प्रकाशवेग भागिले ‘दोनदा साइन अर्धा कोन’. कोन तो, जो तुमच्या जागेवरून दोन केंद्रांमध्ये दिसतो.

सांताक्रूझवरून हिशेब करून पाहू. ध्रांगध्रा सुमारे ४५७ किलोमीटर, वेरावळ ३३५, बिलिमोरा १८६. ध्रांगध्रा आणि बिलिमोरा यांच्या दिशांत फक्त २३ अंशांचा फरक, म्हणून त्या जोडीचा १ मायक्रोसेकंद म्हणजे सुमारे ७५० मीटर. वेरावळ जोडीचा ३४ अंश, सुमारे ५१० मीटर. दोन रेषा एकमेकींना २९ अंशांच्या आसपास छेदतात, काटकोनाच्या निम्म्याहूनही कमी. त्यामुळे चुकीचा डाग गोल पडत नाही, उत्तर-वायव्य ते दक्षिण-आग्नेय लांबट लंबगोल पडतो आणि लांब दिशेला चूक साधारण दुप्पट होते. हे वेगळे कोडमध्ये घालावे लागत नाही. वेळेत ०.१ मायक्रोसेकंदाचा गोंगाट घाला, रात्री किंवा विजांत ०.३, आणि रिसीव्हरला प्रामाणिकपणे समीकरण सोडवू द्या. लंबगोल आपोआप पडतो.

आता खराब जागा. ध्रांगध्रा-बिलिमोरा रेषा बिलिमोराच्या पुढे आग्नेयेला वाढवली की ती इगतपुरी-सिन्नरच्या भागातून जाते. त्या वाढीव रेषेवर दोन्ही केंद्रे एकाच दिशेला दिसतात, कोन शून्याकडे जातो आणि त्या जोडीची माहिती जवळपास मरते. मुंबईहून औरंगाबादकडे उडताना घाट ओलांडल्यावर डबा अचानक काही किलोमीटर सरकला पाहिजे. तो सरकत नसेल तर तुमचा रिसीव्हर चोरून सिमची जागा वाचतोय.

समीकरण सोडवताना न्यूटनच्या पद्धतीला पहिला अंदाज लागतो. तो वैमानिकाने टाकलेला असू द्या. दोन हायपरबोला काही ठिकाणी दोनदा छेदतात. अंदाज फार चुकीचा दिला तर डबा दुसऱ्याच छेदावर जाऊन ठामपणे बसतो. असेच व्हायला हवे.

वाऱ्याचीदिशा

सर, सायकल स्लिप म्हणतात ती कशी घालायची? आणि ०.१ मायक्रोसेकंद फार गोड आकडा नाही का?

त्रिकोणमिती

गोंगाटासाठी ठीक आहे, पण त्यावर जमिनीचे कायमचे विचलन येते ते विसरू नका. लहर जमिनीवरून समुद्रापेक्षा हळू जाते. वेरावळची वाट जवळजवळ सगळी पाण्यावरून, बिलिमोराची किनाऱ्याला चिकटून जमिनीवरून. जमिनीच्या वाटेला १ ते २ मायक्रोसेकंद जादा द्या. हे विचलन दर उड्डाणाला तेच राहते, म्हणून एकदा मोजून ठेवलेल्या जागी परत येताना लोरान चांगला वाटतो आणि नकाशावरच्या आकड्याशी ताडला की चुकतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी दाखवता आल्या तर डबा जिवंत वाटतो.

सायकल स्लिप. रिसीव्हर पल्सच्या तिसऱ्या सायकलचा शून्य-छेद पकडतो, सुमारे ३० मायक्रोसेकंदांवर, कारण आकाशातून परतलेली लहर त्यानंतर पोचते. सिग्नल क्षीण असला की तो चुकून शेजारची सायकल पकडतो. एक सायकल म्हणजे १० मायक्रोसेकंद. सांताक्रूझवर बिलिमोरा जोडीत ही चूक साडेसात किलोमीटरची, वेरावळ जोडीत पाचची. कोडमध्ये: सिग्नल उंबरठ्याखाली असताना दर मिनिटाला छोटीशी शक्यता, की वेळेत अधिक किंवा उणे बरोबर १० जोडले जातील. ९ नाही, ११ नाही. ती चूक सिग्नल सुधारेपर्यंत टिकून राहते. केंद्रात बिघाड लावायचा असेल तर दुय्यमच्या पहिल्या दोन पल्स मिचकावतात. डब्यावर इशारा पेटवा, पण आकडे पुसू नका.

दहासेकंद

ओमेगा. हे करायचे ठरवले तर अर्धवट करू नका, त्याची सगळी मजा वेळेत आहे. जगभर आठच केंद्रे: नॉर्वे, लायबेरिया, हवाई, नॉर्थ डकोटा, रेयुनियों, अर्जेंटिना, ऑस्ट्रेलिया, जपान. ३० सप्टेंबर १९९७ ला सगळे बंद. ऑस्ट्रेलियातले वूडसाइड १९८२ मध्ये सुरू झाले, म्हणून त्याआधीच्या काळाचे ७०७ करत असाल तर ते केंद्र मिळता कामा नये.

दहा सेकंदांचे चक्र, आठ खण: ०.९, १.०, १.१, १.२, १.१, ०.९, १.२, १.० सेकंद, मध्ये ०.२ ची विश्रांती. बेरीज बरोबर दहा. नॉर्वे पहिल्या खणात १०.२ किलोहर्ट्झ, दुसऱ्यात १३.६, तिसऱ्यात ११.३३, इतर केंद्रे याच क्रमाने एकेक खण पुढे. खणांच्या असमान लांबीवरून रिसीव्हर ओळखतो की आत्ता कोण बोलतेय. चालू केल्यावर काही मिनिटे डबा यासाठीच थांबतो, ती मिनिटे वाचवू नका.

१०.२ वर केंद्रांना जोडणाऱ्या रेषेवर एक लेन, म्हणजे फेजचा फरक पुन्हा तोच येईपर्यंतचा पट्टा, सुमारे ८ नॉटिकल मैल. १३.६ आणि १०.२ च्या फरकातून २४ मैलांची, ११.३३ आणि १०.२ मधून ७२ मैलांची रुंद लेन. सुरुवातीची जागा या रुंद लेनच्या आत हवी. जागा दहा सेकंदांतून एकदा ताजी होते; ४८० नॉट्सला विमान तेवढ्यात १.३ मैल गेलेले असते, म्हणून मधल्या काळात एअरस्पीड आणि हेडिंगवर अंदाज चालतो. सगळी केंद्रे गेली की फक्त तोच अंदाज उरतो, डीआरचा (डेड रेकनिंगचा, म्हणजे अंदाजी मोजणीचा) दिवा लागतो, आणि वारा बदलला की चूक साठत जाते. त्या वेगाने केंद्ररेषेवर उडताना मिनिटाला एक लेन मागे पडते. तेवढा वेळ वीज गेली तर लेनची मोजणी हरवली.

मुंबईहून सर्वांत जवळचे रेयुनियों, सुमारे ४,८५० किलोमीटर. जपानचे त्सुशिमा ५,८०० च्या आसपास, नॉर्वे ६,७५०, लायबेरिया ९,१००. दिवसा आयनोस्फिअरचे छत सुमारे ७० किलोमीटरवर, रात्री ९० वर. त्यामुळे फेजचा वेग बदलतो. दिवस-रात्र फरक पाव टक्का धरा. रेयुनियोंच्या वाटेवर तो सुमारे ४० मायक्रोसेकंद भरतो, म्हणजे १२ किलोमीटर. म्हणूनच डब्याला तारीख आणि वेळ विचारावी लागते. त्यावरून तो ही दुरुस्ती स्वतः काढतो.

कोडमध्ये वाटेचे ५० तुकडे करा, प्रत्येक तुकड्यावर सूर्य वर आहे की खाली ते पाहा, वेळ जोडत जा. हा झाला खरा सिग्नल. मग हेच गणित दुसऱ्यांदा, पण वैमानिकाने टाकलेल्या वेळेने आणि फक्त ८-१० तुकड्यांत. ही झाली डब्याची दुरुस्ती. दोन्हींतला फरक म्हणजे ओमेगाची चूक. दुपारी ती १ ते २ मैल राहते, संध्याकाळची सावली वाटेवरून सरकताना वाढते.

आणि चाचणी: जीएमटीच्या जागी भारतीय वेळ टाका. साडेपाच तास म्हणजे रेखांशात ८२.५ अंश. डब्याच्या मते सूर्यास्ताची रेषा भलतीकडेच असेल. भर दुपारी जागा ठीक येईल आणि सकाळ-संध्याकाळ काही मैल वाहत जाईल. बरोबर वेळ टाकल्यावर ती परत आली, तर समजा काम झाले.

सुकाणू

दहासेकंद यांची दोनदा गणित करण्याची पद्धत एडीएफ आणि लोरानलाही लावा: एकदा निसर्गासाठी, एकदा डब्याला जे माहीत आहे त्यासाठी. एकच गोष्ट सांभाळा. दोन्ही फंक्शन वेगळ्या फाइलींत ठेवा आणि डब्याच्या फाइलीत सिमचा पोझिशन डेटारेफ (विमानाच्या खऱ्या जागेचे मूल्य) वाचूच नका. एकत्र ठेवले की घाईत कोणीतरी तो वापरतोच.

वाऱ्याचीदिशा

क्रम असा ठरवतोय: आधी एडीएफ, केपटाउनला चाचणी, मग डहाणू-वेंगुर्ला किनारा, मग लोरान. ओमेगा ७०७ सोबत. लोरानची पहिली चाचणी सांताक्रूझच्या ॲप्रनवर उभे राहून करावी की हवेत?

त्रिकोणमिती

ॲप्रनवर. पार्किंग ब्रेक लावा, २० मिनिटे चालू ठेवा, दर ५ सेकंदांना डब्याची जागा फाइलीत लिहा आणि ठिपके कागदावर मांडा. ठिपके उत्तर-वायव्येकडे तिरपे लांबट पसरले तर भूमिती बरोबर. गोल पसरले तर गोंगाट वेळेत घालायचा तो तुम्ही जागेत घातलाय. मग ध्रांगध्रा बंद करा: दोन्ही जोड्या एकदम जायला हव्यात, कारण मुख्य केंद्र दोघींना सामाईक आहे. एक जरी आकडा चालू राहिला तर तो शोधून काढेपर्यंत उड्डाण करू नका.